तान्ह्या बाळाला झोपवावं कसं? पाठीवर, कुशीवर, पाळण्यात की आपल्याजवळ?

अबोली_मिरज | ८ डिसेंबर, रात्री ११:२०

नमस्कार. माझी पहिली मुलगी दीड महिन्याची आहे. बाळंतपणासाठी माहेरी आले आहे, पुढच्या महिन्यात पुण्याला परत जाईन. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला पाठीवरच झोपवा, उशी देऊ नका, अंगावर जाड पांघरूण घालू नका. घरी मात्र सगळं वेगळं चालतं. आजी म्हणते दूध ओकली तर घशात अडकेल, म्हणून कुशीवर झोपव आणि पाठीला लोड लाव. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून ठेवली आहे. थंडी आहे म्हणून झबलं, त्यावर स्वेटर, टोपडं, वर कुंची, मग दुपट्यात घट्ट बांधायचं आणि वरून वाकळ. धुरी-शेक झाला की शेगडी रात्री खोलीतच राहते.

आजीचा जीव आहे तिच्यावर, त्यामुळे मला वाद घालायचा नाही. पण यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं आणि का, हे नीट समजून घ्यायचं आहे. नुसतं 'डॉक्टर म्हणाले' एवढ्याने घरात कोणाला पटत नाही, आणि खरं तर मलाही कारण कळायला हवं आहे. बाळ माझ्याजवळ झोपतं. रात्री पाजता पाजता माझा डोळा लागतो, त्याचीही भीती वाटते.

बालवैद्य_नाशिक | ९ डिसेंबर, सकाळी ७:०५

अबोली, आधी सगळ्यात तातडीचं. ती शेगडी आज रात्रीपासून खोलीबाहेर. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. हा धोका फक्त बाळाला नाही, तुम्हालाही आहे. शेक घ्यायचा तर दार उघडं ठेवून, जागेपणी, आणि झाल्यावर शेगडी अंगणात. धुरी बाळाला देऊच नका, त्या धुराने त्याच्या श्वासनलिकांना त्रास होतो.

आता पाठीवर का, ते सांगते. श्वासनलिका पुढच्या बाजूला असते, अन्ननलिका तिच्या मागे. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर येते आणि अन्ननलिका खाली जाते. वर आलेलं दूध खालच्या नळीत राहतं, वर चढून श्वासनलिकेत जाणं त्याला अवघड असतं. बाळ पालथं असलं की उलट होतं: श्वासनलिका खाली, आणि ओकलेलं दूध तिच्या तोंडाशी. शिवाय निरोगी बाळ दूध वर आलं की गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं, ही क्रिया त्याला जन्मतःच येते. जगभरात बाळं पाठीवर झोपायला लागल्यावर गुदमरण्याच्या घटना वाढल्या नाहीत. ज्यांना सारखी गुळणी येते त्या बाळांनाही पाठीवरच झोपवायचं. आजींची काळजी खरी आहे, फक्त तिचं उत्तर कुशीवर झोपवणं हे नाही. पाजल्यावर ढेकर काढा, थोडा वेळ खांद्यावर उभं धरा आणि मग पाठीवर ठेवा.

कुशीवरचं बाळ स्थिर राहत नाही. ते सहज पोटावर कलंडतं. आणि लोड लावला तर त्याच लोडात तोंड खुपसलं जाण्याची भीती.

हे सगळं ज्यासाठी आहे ते म्हणजे वर्षाच्या आतलं निरोगी वाटणारं बाळ झोपेत अचानक जाणं. सगळी तपासणी करूनही कारण सापडलं नाही तर त्याला सिड्स म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात धोका सर्वांत जास्त असतो आणि जवळजवळ ९० टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. आपण झोपेत तोंडावर पांघरूण आलं की दचकून उठतो, मान वळवतो. काही बाळांच्या मेंदूच्या खोडात ही जागं करणारी यंत्रणा अजून कच्ची असते. कोणाच्या ती कच्ची आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. अशा बाळाचं तोंड मऊ गादीत किंवा पांघरुणात असेल तर ते स्वतःच सोडलेला श्वास पुन्हा घेत राहतं, प्राणवायू कमी होत जातो आणि ते उठत नाही. पालथं झोपलेलं बाळ जास्त गाढ झोपतं. 'पालथं घातलं की छान झोपतं' असं आपल्याला वाटतं, त्याच गाढ झोपेची आम्हाला धास्ती वाटते.

जर्सीकर | ९ डिसेंबर, सकाळी ८:४०

डॉक्टरांनी छान समजावलं आहे. थोडा इतिहास माझ्याकडून. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाळांना पालथं झोपवायचा सल्ला खुद्द डॉक्टरच द्यायचे, कारण तेच: ओकारी घशात जाईल. मग १९८०च्या दशकात एकेक देशातून पालथं झोपणारी बाळं जास्त जातात असे आकडे यायला लागले. न्यूझीलंड आणि ब्रिटनने १९९१मध्ये मोहीम काढली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२मध्ये शिफारस केली आणि १९९४मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली. इथे अमेरिकेत १९९२मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण १.२ बाळं सिड्सने जायची, २००१मध्ये ते प्रमाण ०.५६ झालं. कुठलं नवं औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळाची कूस बदलली. मागाहून झालेल्या एका अभ्यासाने असा हिशेब मांडला की उपलब्ध पुरावा १९७०च्या सुमारासच नीट जोडून पाहिला असता तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत मिळून निदान ५०,००० बाळं वाचली असती.

आमच्या मुलीच्या वेळी दवाखान्यातून सोडण्याआधी परिचारिकेने आम्हा दोघांना समोर बसवून हे सगळं दाखवलं होतं. पाळण्यात घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाळ. बाकी काही नाही. उशी, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या, काहीही नाही. त्या कडेच्या गाद्या आणि १० अंशांपेक्षा जास्त तिरपी झोपाळी यांवर इथे २०२२च्या कायद्याने बंदीच आली.

सासूबाईंनी स्वतः टाके घालून गोधडी आणली होती. ती पाळण्यात नको म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. मग आम्ही ठरवलं की गोधडी जमिनीवर, बाळाच्या खेळण्यासाठी. रोज दुपारी आजी समोर बसून नातीला तिच्यावर पालथं घालायच्या. मुलीने तिथेच मान धरली.

सुमनआजी | ९ डिसेंबर, दुपारी २:१५

मी कोल्हापूरची. पाच नातवंडं हाताखालून गेली. तुम्ही शिकलेली माणसं सांगता ते ऐकते आहे. पण आमच्याकडे बाळ पालथं कधीच झोपवत नसत, हेही लिहून ठेवा. पाळण्यात घातलं की ते उताणंच असायचं. पालथं घालायचं ते पोटातला वारा सरावा म्हणून, मांडीवर, आणि आपण जागं असताना. ती साहेबांची रीत होती, आपली नव्हती.

माझे दोन प्रश्न आहेत. मोहरीच्या उशीत वाईट काय? सगळ्यांची डोकी तिनेच गोल झाली. आणि बांधलं नाही तर बाळ हातपाय उडवून दचकतं, मग रात्रभर घरात कोणी झोपत नाही.

बालवैद्य_नाशिक | ९ डिसेंबर, रात्री ९:५०

आजी, तुमचं अगदी बरोबर आहे. उताणं झोपवणं ही आपलीच रीत. कुशीवर आणि लोड हे मधल्या काळात शिरलं आहे. अबोलीच्या आजींना तुमचा प्रतिसाद जरूर वाचून दाखवा, माझ्यापेक्षा तो लवकर पटेल.

मोहरीच्या उशीबद्दल. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मागून फुगीर. त्याखाली उशी आली की हनुवटी छातीकडे वाकते आणि कोवळी श्वासनलिका तिथेच दबते. शिवण उसवली तर मोहरी नाका-तोंडात जाऊ शकते, ते वेगळंच. आणि उशीने डोकं गोल होतं याला आधार नाही. डोकं चपटं होतं ते सतत एकाच बाजूवर भार आल्याने. एक दिवस डोकं पाळण्याच्या या टोकाला ठेवा, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. बाळ उजेडाकडे आणि तुमच्याकडे बघायला मान वळवतं, त्यामुळे बाजू आपोआप बदलते. जागेपणी पालथं घालणं पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, आधी दोन-तीन मिनिटं, दिवसातून काही वेळा. सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटं व्हावं. तुम्ही मांडीवर वारा सरायला घालत होता, त्यात हेही साधायचं. मान कायम एकाच बाजूला वळत असेल तर मात्र दाखवून घ्या, मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो.

बांधण्याबद्दल मी तितकी कडक नाही. पातळ सुती दुपट्यात बांधलं तर चालेल, पण छातीवर आपली दोन-तीन बोटं सहज जातील इतकं सैल, आणि खांद्यांच्या वर कापड नको. कमरेखाली एकदम मोकळं. पाय बेडकासारखे बाहेर दुमडता आले पाहिजेत, सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निखळण्याची भीती असते. बांधलेलं बाळ नेहमी पाठीवरच. आणि ज्या दिवशी बाळ पालथं पडायची धडपड करायला लागेल, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, त्या दिवसापासून बांधणं बंद. हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला तोंड वर काढता येत नाही.

आता कपडे. तुम्हाला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, बस. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, तान्ह्यांचे ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघा. घाम असेल, अंग तापलेलं वाटेल, तर एक थर काढा. जास्त उष्णता हाही सिड्सचा धोका वाढवणारा घटक आहे. मिरजेच्या थंडीला झबलं, पायजमा, वर एक स्वेटर आणि गरज वाटली तर अंगात घालायची झोपायची पिशवी, जिला हातांना भोकं असतात आणि जी तोंडावर सरकत नाही. कुंची अंगणात फिरवताना घाला. झोपताना डोकं उघडं असू द्या, बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं, आणि टोपडं सरकून नाकावर येतं. वाकळ नको.

वैनगंगा | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

मी गडचिरोली जिल्ह्यात आशांची गटप्रवर्तक आहे. डॉक्टर मॅडम, टोपड्याबद्दल जरा थांबते, कारण आमच्या भागात हे जसंच्या तसं सांगितलं तर घोटाळा होईल. इथे पुष्कळ बाळं अडीच किलोच्या आत जन्मतात. कुडाच्या घरात डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा आत येतो. अशा बाळाला थंडी बाधते, ते दूध ओढत नाही, सुस्त पडतं, आणि त्यातच जातं. आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाते. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या भेटींत आम्ही बाळाचं अंग तपासतो आणि गार असेल तर टोपी, मोजे घालायलाच सांगतो. आईच्या उघड्या छातीशी बाळ उभं बांधून ठेवायची कांगारू पद्धतही शिकवतो. तेव्हा आई जागी हवी, अर्धवट टेकून बसलेली, बाळाची मान एका बाजूला आणि नाक मोकळं.

दुसरी अडचण झोळीची. शेतावर, कापसाच्या वेचणीला, आई बाळाला कुठे ठेवणार? साडीची झोळी झाडाला बांधते. जमिनीवर ठेवा म्हणणं सोपं आहे, पण तिथे मुंगळे आहेत, कुत्री आहेत. आम्ही सांगतो की कापड रुंद घ्या, झोळी फार खोल होऊ देऊ नका, बाळाचं तोंड आणि हनुवटी दिसली पाहिजे, कापड तोंडावरून ओढू नका, आणि कोणीतरी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. रात्रीची झोप मात्र झोळीत नको. घरात झोळी रिकामी असेल तर ती सोडून ठेवा. मोठी भावंडं तिच्यात बसून गरगर फिरतात आणि साडीचा पीळ गळ्याला बसतो.

बालवैद्य_नाशिक | १० डिसेंबर, दुपारी १:३०

वैनगंगाताई, बरं झालं लिहिलंत. मी पूर्ण दिवसांच्या, वजन चांगलं असलेल्या बाळाबद्दल लिहीत होते. कमी वजनाच्या, अकाली जन्मलेल्या बाळाला आणि पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांना ऊब हवी, टोपी हवी. मग बाळ वजन धरू लागलं, खोली उबदार असली, की झोपेत टोपीची गरज उरत नाही. अकाली जन्मलेल्या बाळांना सिड्सचा धोकाही जास्त असतो, म्हणून त्यांच्या घरी दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात: अंग उबदार, पण तोंड उघडं आणि अंथरूण सपाट.

यॉर्कशायर_मराठी | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

मी इथे प्रसूती विभागात परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये ही मोहीम घराघरांत पोचली त्यात दूरचित्रवाणी निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचा मोठा वाटा. त्यांचा मुलगा १९९१मध्ये झोपेत गेला, आणि त्यानंतर त्यांनी हा विषय लावून धरला.

अबोलीने बाळ जवळ झोपतं म्हणून भीती वाटते असं लिहिलं आहे, त्यावर इथल्या ब्रॅडफर्ड शहराचा अनुभव सांगते. तिथे दक्षिण आशियाई कुटुंबांत बाळ आईच्या अंथरुणात झोपायचं प्रमाण जास्त, तरी सिड्सचं प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी. संशोधकांनी आयांना विचारून सवयी तपासल्या तेव्हा दिसलं की पाकिस्तानी वंशाच्या आया सहसा धूम्रपान करत नव्हत्या, मद्य घेत नव्हत्या, बाळासोबत सोफ्यावर झोपत नव्हत्या आणि बाळाला वेगळ्या खोलीत एकटं ठेवत नव्हत्या. म्हणजे 'जवळ झोपणं' हा एकच शब्द वापरला तरी प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा असतो. सोफा आणि आरामखुर्ची मात्र सगळ्यांसाठीच अतिशय धोक्याची. बाळ माणसाच्या आणि गादीच्या फटीत सरकतं.

ऑकलंडचा_शेखर | ११ डिसेंबर, सकाळी ५:४५

इथल्या, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजात बाळ आईजवळ झोपणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि अशा मृत्यूंचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. गरोदरपणात धूम्रपान हे त्यामागचं मोठं कारण. 'बाळाला वेगळं झोपवा' हे त्यांनी मानलं नसतं. २००६च्या सुमारास माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर बायकांनी मिळून 'वाहाकुरा' तयार केला. हाराकेके नावाच्या झुडपाच्या पात्यांची सपाट, कडा असलेली टोपली. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ आईच्या हाताच्या अंतरावर, पण त्याची जागा त्याची, आणि आईचं पांघरूण किंवा हात त्याच्या तोंडावर जात नाही. विणताना गरोदर बायकांना बाकीची काळजीही सांगतात.

आमच्या मुलासाठी आम्हीही तसंच केलं. कुठल्याही रीतीला नुसतं 'चूक' न म्हणता तिच्या आत सुरक्षित जागा करता येते, हे मला इथे शिकायला मिळालं.

अबोली_मिरज | ११ डिसेंबर, दुपारी ३:००

सगळ्यांचे मनापासून आभार. शेगडी त्याच दिवशी बाहेर गेली. सुमनआजींचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, मीपण तेच सांगत होते." उशी तिने स्वतःच उचलून ठेवली. 😊

रात्री पाजताना झोप लागते त्याचं काय करू? आणि बाळाच्या गळ्यात काळा दोरा आहे, उशाखाली अडकित्ता आहे. मच्छरदाणी छत्रीची आहे.

बालवैद्य_नाशिक | ११ डिसेंबर, रात्री १०:१५

सर्वांत चांगलं: बाळ तुमच्याच खोलीत, तुमच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या सपाट जागेवर. निदान पहिले सहा महिने. आपल्याकडे जमिनीवर अंथरूण घालतात, ते खरं तर सोयीचं आहे. कापसाची घट्ट गादी जमिनीवर घातली तर पडायची भीती नाही. तुमच्या गादीला लागून बाळाची छोटी घट्ट गादी घाला, भिंतीपासून चांगली लांब, म्हणजे भिंत आणि गादीच्या फटीत ती सरकणार नाही. फोमची मऊ गादी, जिच्यात हाताचा ठसा राहतो, ती बाळाला नको. सैल बाजही नको.

पाजताना डोळा लागणारच, बाळंतपणानंतरचा थकवा असतो. त्यामुळे झोप येईल असं वाटत असेल तर खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजू नका, अंथरुणावरच पाजा. आधी तिथली उशी, पांघरूण, ओढणी बाजूला करा, केस बांधून घ्या. जाग आली की बाळाला तिच्या जागेवर परत ठेवा. बाळाच्या शेजारी दुसरं मूल झोपवू नका. काही वेळी मात्र बाळ अंथरुणात घेऊन झोपणं पूर्ण टाळा: आई-वडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल, मद्य घेतलं असेल, गुंगी आणणारं औषध घेतलं असेल (सर्दी-खोकल्याची कित्येक औषधं त्यात येतात), किंवा बाळ अकाली जन्मलेलं वा कमी वजनाचं असेल. चार महिन्यांच्या आत हा धोका आणखी वाढतो.

घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर बाहेर जाऊन ओढली की झालं, असं नाही, कपड्यांवरून धूर आत येतोच. आणि मिश्रीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आपल्याकडच्या बायका दात घासायच्या नावाखाली मिश्री लावतात आणि तंबाखू खात नाही म्हणतात. ती तंबाखूच आहे. मुंबईत झालेल्या अभ्यासात गरोदरपणी मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची आणि दिवसांच्या आधी जन्मलेली जास्त आढळली. बाळाचा धोका असा पोटातूनच सुरू होतो.

गळ्यातला दोरा काढा, साखळी असेल तर तीही, झोपेत ती कशातही अडकू शकते. दृष्टीसाठी हवा तर कमरेचा करदोटा सैल ठेवा. अडकित्ता देव्हाऱ्यात ठेवा. छत्रीची मच्छरदाणी चालेल, तिचा कपडा ताणलेला राहिला पाहिजे आणि बाळाच्या हाताला लागून तोंडावर येता कामा नये. डासांची कॉइल खोलीत नको. पंखा हळू चालू ठेवायला हरकत नाही, हवा खेळती राहिलेली बरी.

रानफूल | १२ डिसेंबर, रात्री १२:४०

मी आतापर्यंत फक्त वाचत होते. माझा मुलगा तिसऱ्या महिन्यात झोपेत गेला. दुपारची वेळ होती. पाठीवरच झोपवला होता. घरातल्या सगळ्यांनी मला विचारलं की तू काय केलंस. कोणी म्हणालं नुकतीच लस दिली होती ना, त्यानेच झालं. मला आज डॉक्टरांकडून खरं उत्तर हवं आहे.

बालवैद्य_नाशिक | १२ डिसेंबर, सकाळी ६:५०

रानफूल, तुम्ही लिहिलंत, फार धीर लागतो त्याला.

तुम्ही काही चुकलात म्हणून हे झालं नाही. पाठीवर झोपवणं, मोकळं अंथरूण, यांनी धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. काही बाळांत जन्मापासून असलेला दोष कोणालाच दिसत नाही, आईला नाही आणि डॉक्टरलाही नाही. आपल्याकडे अशा वेळी शवविच्छेदन क्वचितच होतं, म्हणून नेमकं कारण कळतच नाही, आणि मग सगळं बोट आईकडे जातं. हे चुकीचं आहे आणि घरातल्यांना हे माझ्या नावाने सांगा.

लसीबद्दल. आपल्याकडे पेंटाव्हॅलेंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. सिड्सचा धोकाही त्याच वयात सर्वांत जास्त असतो, म्हणून दोन्ही गोष्टी जवळजवळ येतात आणि लोक त्या जोडतात. हे अनेक देशांत तपासून झालं आहे. लसीने धोका वाढत नाही, उलट लस घेतलेल्या बाळांत तो कमी आढळतो. तुम्ही त्याला लस दिलीत ते योग्यच केलंत.

पुढचं बाळ झालं तर आधीच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा, ते काही तपासण्या करून घेऊ शकतील. आणि बोलावंसं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

सुमनआजी | १२ डिसेंबर, सकाळी ९:३०

रानफूल, बाळा, माझ्या थोरल्या जावेचं लेकरू असंच गेलं होतं, पाळण्यात. पुढे पन्नास वर्षं ती त्या दिवसाचा हिशेब घालत राहिली. तिला कोणी असं सांगायला नव्हतं. तू डॉक्टरांचं ऐक.

जुळ्यांची_आई | १२ डिसेंबर, दुपारी १२:००

रानफूल, तुमच्यासाठी काय लिहावं सुचत नाही. मिठी.

डॉक्टर, माझी जुळी चार महिन्यांची आहेत. एकाच पाळण्यात ठेवली तर शांत राहतात. चालेल का? आणि पायाला लावायचा मोजा मिळतो, जो बाळाचा प्राणवायू मोबाइलवर दाखवतो, तो घ्यावा का? माहेरी चोखणीही देतात.

बालवैद्य_नाशिक | १२ डिसेंबर, दुपारी ३:२०

जुळ्यांना वेगवेगळं झोपवा, पाळणे शेजारी शेजारी लावले तरी ती शांत राहतील. एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर जातो, आणि दोघांची ऊब एकत्र होते.

त्या मोज्याने सिड्स टळतो असं सिद्ध झालेलं नाही. तो वाजला नाही म्हणून आपण निर्धास्त होतो आणि पांघरूण तसंच राहतं, हा त्याचा तोटा. पैसे वाचवा.

चोखणीबद्दल मतभेद आहेत. झोपताना चोखणी दिल्याने धोका कमी होतो असं अभ्यासांत दिसतं. पण आपल्याकडे स्वच्छतेची अडचण असते आणि स्तनपान बसायच्या आधी दिली तर बाळ नीट ओढत नाही. स्तनपान हाही मोठा बचाव आहे, तो आधी. नीट पाजणं बसल्यावर, रोज उकळून, दोरी न लावता द्यायची असेल तर द्या. नाही दिली तरी काही बिघडत नाही.

अबोली_मिरज | १५ डिसेंबर, सकाळी ११:१०

रानफूल, तुमच्यासाठी खूप प्रेम.

अजून एक विचारते. पुण्याला सासूबाईंनी विजेवर हलणारा पाळणा घेऊन ठेवला आहे, तो पाठीकडून थोडा तिरपा आहे. आणि जाताना चार-पाच तास गाडीत लागतील. पुढे ती पालथी पडायला लागली की रात्री उठून सारखं सरळ करत बसायचं का?

बालवैद्य_नाशिक | १५ डिसेंबर, रात्री ९:४०

तिरप्या पाळण्यात झोप नको. डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. पडू नये म्हणून पट्टा लावला तर बाळ त्याच स्थितीत अडकून राहतं. जागेपणी, समोर बसून, दहा मिनिटं रमवायला वापरा. तळ सपाट आणि घट्ट होत असेल, कडा उंच असतील आणि तो लॉक करून स्थिर ठेवता येत असेल, तर रात्री त्यात झोपवता येईल. आपला बारशाचा लाकडी पाळणाही चालतो, फक्त आत घट्ट सपाट गादी हवी, दांड्यांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको आणि वर टांगलेल्या चिमण्यांची दोरी बाळाच्या हाताला लागता कामा नये.

गाडीत बाळ मांडीवर नको, मागच्या सीटवर उलट्या तोंडाने बसवायच्या बाळाच्या सीटमध्ये हवं. प्रवासात ती त्यात झोपली तर झोपू दे, पण शेजारी कोणीतरी बसून मान बघत राहावं. दर दीड-दोन तासांनी थांबा, बाहेर काढा, पाजा, सपाट ठेवा. घरी पोचल्यावर झोपमोड होईल म्हणून सीटमध्येच ठेवू नका, लगेच पाठीवर सपाट जागी.

पालथं पडण्याचं असं: वर्ष पूर्ण होईपर्यंत झोपवताना प्रत्येक वेळी पाठीवरच ठेवायचं, दुपारच्या झोपेलाही. पण एकदा ती पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर, दोन्हीकडे आपली आपण वळायला लागली, की झोपेत ती जशी झोपेल तशी झोपू द्यायची. तोपर्यंत ती पालथी दिसली तर हलकेच सरळ करा. बांधणं त्याआधीच सुटलेलं असेल, आणि अंथरुणात तिच्याशिवाय काही नसेल, तर तुम्हीही झोपा.